लेकसाठी एक जागा

जाताना एक तिकीट, येताना दोन. लाम्दुआननं वहीच्या पानावर सगळ्यात वर एवढंच लिहिलं आणि खाली ठळक रेघ ओढली. बाकी सगळ्यात काटकसर चालणार होती, यात नाही.

बेत बँकॉकचा होता. तिच्या यसोथोनहून बसनं चांगले नऊ-दहा तास. एकेचाळीस वर्षांच्या आयुष्यात ती दोनदाच तिकडं गेली होती आणि दोन्ही वेळा कानाला खडा लावून परतली होती. शाळेसमोर निखाऱ्यावर चिकट भाताचे गोळे अंडं फासून भाजून विकणारी बाई ती, तिला बँकॉकशी काय देणंघेणं? पण तिचा धाकटा भाऊ लेक तिथं अडकला होता, आणि त्याला घरी आणायचं होतं. लेकला मरून सत्त्याऐंशी दिवस झाले होते.

इकडं लेक म्हणजे लहान. घरातल्या शेंडेफळाला लेक म्हणायचं, मग ते शेंडेफळ ताडमाड वाढो की त्याचे केस पिकोत, शेवटपर्यंत लेकच. हा लेक असाच उंचच्या उंच, चौकटीला डोकं आपटणारा. बँकॉकात एका टोलेजंग इमारतीच्या कामावर होता, तिथं परांचीवरून पडला. मुकादमानं घाईघाईनं पेटी गाडीत घालून गावी पाठवली. विहारात भिक्खू आले, अग्नी दिला, सगळं रीतीनं झालं. एकच राहिलं. पडल्या जागी उभं राहून त्याला कुणी 'चल' म्हटलं नाही.

आणि 'चल' म्हटल्याशिवाय मेलेला माणूस निघत नाही, हे इकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. देह गाडीनं येतो. जीव मात्र जिथं दचकला तिथंच खिळून राहतो. घरच्या माणसानं जाऊन त्याला बोलवायचं, गाडीत शेजारी बसवायचं आणि वाटेत पूल आला की सांगायचं, पूल आलाय, घाबरू नको, चल. शंभराव्या दिवशी विहारात त्याच्या नावानं पुण्यदान होणार होतं. त्या दिवशी तो घरात नसला तर ते पुण्य कुणाच्या पदरात पडायचं? गावात जीव बोलावण्याचं काम करणारे चान आजोबा तर स्पष्टच म्हणाले होते, शंभरी उलटली की त्याला घरची वाट आठवायची नाही.

आई, खाम्फान तिचं नाव, रोज एकच स्वप्न सांगायची. लेक कुठल्याशा चौकात अनवाणी उभा आहे, बूट हातात धरलेत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतोय, आमच्या गावची बस कुठून सुटते? बूट हातात धरायची त्याची खोडच होती. बसमध्ये चढताना काढायचा, जमीन खराब होते म्हणून. आईचं जेवण निम्म्यावर आलं होतं. लाम्दुआनला ते बघवत नव्हतं.

तर बेत. रेल्वे स्वस्त पडली असती, पण तिसऱ्या वर्गात जागा राखून मिळत नाही. लेकला बसवायचा आणि वाटेत कोरात स्थानकावर कुणीतरी जाडी बाई येऊन त्याच्या मांडीवर बसायची, म्हणजे झालंच. रेल्वे खोडली. रात्रीच्या बसनं एक मुक्काम वाचला असता, पण चान आजोबांनी मान हलवली. अंधारात गाडीत कोण कोण चढलं ते कळत नाही म्हणाले. रात्रीची बस खोडली. राहायचं कुठं? लेकचा जोडीदार वीरा अजून त्याच कामावर होता, त्याच्या बायकोच्या पत्र्याच्या खोलीत एक रात्र. खायचं काय? घरचा चिकट भात आणि वाळवलेलं मटण, डब्यात. राहता राहिले खुद्द चान आजोबा. त्यांना न्यायचं तर दोन तिकिटं वाढणार, शिवाय त्यांचं पान-सुपारी आणि त्यांचे गुडघे. लाम्दुआननं बराच वेळ पेन्सिल चावली आणि आजोबांनाही खोडलं.

आजोबांना राग आला नाही. त्यांनी सगळं नीट समजावून दिलं. लेकच्या अंगातला एक सदरा न्यायचा. भाताचा गोळा, उकडलेलं अंडं, पांढरा दोरा. उदबत्ती एकच लावायची, तीन देवाला, मेलेल्याला एक. पूर्ण नाव घेऊन तीनदा हाक मारायची. मग चिमूटभर तांदूळ उचलून जोड्या लावायच्या. सुटा दाणा उरला तर तो आला नाही, पुन्हा हाक मारायची. जोड्या जुळल्या की सदऱ्याची घडी घालायची आणि मागं वळून न बघता निघायचं.

"पूर्ण नाव," ते पुन्हा म्हणाले. "कागदावरचं. घरचं नाव नाही चालायचं. मृत्यूचा दाखला बरोबर ठेव."

"माझ्या सख्ख्या भावाचं नाव आता कागदात बघून वाचू का मी, आजोबा?" लाम्दुआन म्हणाली आणि हसली. आजोबाही हसले. वहीच्या पानावर सदरा होता, अंडं होतं, दोरा होता, काडेपेटीसुद्धा होती. दाखला तेवढा नव्हता.

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी पहाटेच्या बसनं ती निघाली आणि ऊन कलताना बँकॉकात उतरली. तिथून दोन शहरी बसगाड्या बदलून, चारदा चुकून, कालव्याकाठच्या त्या कामावर पोचली तेव्हा दिवेलागण होत होती. वीरा फाटकाशी थांबला होता. बुटका, बोलघेवडा माणूस, एकदा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. लेक कसा सगळ्यांना आपली जागा द्यायचा, जेवणाच्या ओळीत कसा मागं राहायचा, हे सगळं तो चालता चालता सांगत होता.

"ताई, इथं लेकला तोटा नाही," तो म्हणाला. "मुकादमानं वरून 'ए लेक' म्हणून हाक मारली की सहा जण माना वर करतात. चार वर्षांत चार लेक गेले या कामावरून, तुमचा धरून."

लाम्दुआन हूं म्हणाली. तिचं ध्यान तिकडं नव्हतं. ती वर बघत होती. इमारत आभाळात घुसली होती आणि एवढ्या उंचावरून माणूस खाली यायला किती वेळ लागतो याचा विचार तिच्या मनातून जात नव्हता. वीरानं जागा दाखवली. तिथं आता गुळगुळीत फरशी बसली होती. भिंतीशी छोटं देव्हाऱ्यासारखं काहीतरी, त्यापुढं लाल सरबताच्या बाटल्या, नळ्या घालून ठेवलेल्या. कामकरी मंडळी ठेवतात म्हणाला. मग तो आदबीनं दूर जाऊन उभा राहिला.

तिनं सदरा पसरला. भात, अंडं मांडलं. उदबत्ती पेटवली. तोंड उघडलं, आणि तोंडात नाव नव्हतं.

जन्मल्यावर त्याचं नाव सोमबत ठेवलं होतं, म्हणजे संपत्ती. संपत्ती काही आली नाही. दोन वर्षांमागं कुणा भिक्खूनं त्याला सांगितलं की तुझ्या जन्मवाराला हे नाव धार्जिणं नाही, बदल. इकडं ही गोष्ट नवलाची नाही, कचेरीत जायचं, नवं नाव घ्यायचं, जुनं टाकायचं. त्यानं बदललं आणि मोठ्या हौसेनं ताईला फोन केला. ताई तेव्हा निखाऱ्यावरचे गोळे उलटत होती, समोर गिऱ्हाईक उभं होतं. हो हो, छान आहे, म्हणाली. अंत्यविधीच्या फलकावर ते नाव मोठ्या अक्षरांत होतं, पण त्या तीन दिवसांत तिला अक्षरं दिसत होती कुठं? जुनं नाव घ्यावं तर ते त्यानं टाकलेलं. नव्याची सुरुवात 'ता' की 'था' तेवढंही आठवेना.

उदबत्ती निम्मी जळाली. वीरा लांबून बघत होता. त्याला विचारावं? भावाचं नाव काय हो माझ्या? तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तिला वाटलं, ज्या नावानं त्याला आईनं दूध पाजलं त्या नावाला तो ओ देणार नाही का? नावाचं काय एवढं?

"लेक," तिनं हाक मारली. "लेक, चल, घरी जाऊ. लेक, ताई आलीय तुला न्यायला."

तिनं तांदळाची चिमूट उचलली. जोड्या लावल्या. पहिल्याच खेपेला जुळल्या, एकही सुटा नाही. तिचे डोळे भरून आले. किती वाट बघत होता बिचारा. सदऱ्याची घडी घालताना तो तिला जड लागला, ओल धरल्यासारखा. ती मागं न बघता चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्थानकाच्या खिडकीत तिनं दोन तिकिटं मागितली. आतल्या बाईनं नावं विचारली. तिनं आपलं सांगितलं, आणि दुसरं, नुसतं लेक. आडनाव? तेव्हा लाम्दुआननं घडी केलेला सदरा वर करून दाखवला. बाईनं एकदा सदऱ्याकडं पाहिलं, पुढं काही विचारलं नाही आणि खिडकीकडची जागा दिली. ईसानच्या, म्हणजे आमच्या ईशान्येकडच्या गाड्यांवर अशी तिकिटं त्यांना नवी नसतात.

गाडी भरलेली होती. चौदा नंबरवर सदरा, पंधरावर ती. गाडीवर कामाला असलेल्या बाईनं पाण्याच्या बाटल्या वाटल्या, चौदासमोरही एक ठेवली. रांगसितचा कालवा आला तशी लाम्दुआन हळूच म्हणाली, लेक, पूल आलाय, चल. साराबुरीला पासाक नदीवर म्हणाली. दर पुलाला म्हणाली, न चुकता. बाहेर ऊन रणरणत होतं, पण चौदा नंबरच्या बाजूनं तिच्या दंडाला गार लागत होतं. गाडीच्या थंड हवेचं असेल. तिनं डोक्यावरची हवेची झडप बंद केली, तरी लागत होतं.

पुढच्या जागेवर चार-पाच वर्षांची एक मुलगी आईबरोबर होती. ती पाठीवरून डोकावून चौदा नंबरशी लपाछपी खेळायला लागली. डोकं खाली, डोकं वर, आणि खुदकन हसायची. लाम्दुआनला आधी बरं वाटलं. लेकला मुलं आवडायची.

"या काकांचा दात सोन्याचा आहे," मुलगी म्हणाली.

लाम्दुआननं वळून सदऱ्याकडं पाहिलं. लेकचे दात पांढरे शुभ्र. मग तिनंच स्वतःला समजावलं, असेल बसवला. शहरात जाऊन नाव बदललं, तसा दात बदलला असेल. तुला काय ठाऊक होतं त्याचं, की हे ठाऊक असावं? या विचारानं ती इतकी शरमली की पुढं काही विचारायचं धाडसच झालं नाही.

कोरातच्या पुढं सुरीनकडं जाणारा फाटा उजवीकडं गेला. गाडी सरळ निघाली. मुलीनं पुन्हा डोकं वर काढलं.

"काका म्हणतात, वळायचं राहिलं."

तिच्या आईनं तिला दटावलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग मधल्या वाटेकडं बोट दाखवून विचारायला लागली की तो दुसरा काका का बसत नाही. तिथून नेमकी गाडीतली बाई आणि तिचा मदतनीस येत होते. अगं, त्यांचं कामच असतं उभं राहायचं, आई म्हणाली.

"पण त्याच्या पायात काहीच नाही," मुलगी म्हणाली. आईनं तिला ओढून खाली बसवलं आणि हातात बिस्कीट दिलं.

मून नदी गेली, ची नदी गेली. दिवस मावळायच्या आत लाम्दुआन गावच्या वळणावर, चिंचेखाली उतरली. उतरताना म्हणाली, लेक, आलं हो आपलं गाव, चल. घरी आई जिन्याच्या तोंडाशी उभी होती. खांबाला पांढरा दोरा बांधलेला, दुसरं टोक लेकच्या गादीला. आईनं सदरा छातीशी धरला आणि आत नेला. त्या संध्याकाळी तिनं पोटभर जेवण केलं, तीन महिन्यांत पहिल्यांदा. लाम्दुआनला वाटलं, जिंकले मी.

आमच्याकडची घरं खांबांवर असतात, वर चढायला लाकडी जिना. या घरच्या जिन्याची तिसरी पायरी सैल होती, पाय पडला की कुरकुरायची. पोरवयात उनाडक्या करून उशिरा यायचा तेव्हा आईला कळू नये म्हणून लेक ती ओलांडून चढायचा. पुढं ती सवयच लागली. बाप्या झाला तरी दुसरीवरून चौथीवर पाय.

तो आल्याच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, तिसरी पायरी कुरकुरली. जिन्यावर कुणी नव्हतं. आई आणि लाम्दुआन दोघींनी ऐकलं.

मोम कुत्रा घरातून निघून गेला. लेकनं पिलू असताना आणलेला, लेक सुट्टीवर आला की अंगणभर लोळणारा. आता घराच्या सावलीलाही उभा राहीना. दिवसभर गावच्या वळणावर चिंचेखाली बसलेला दिसायचा. शेजारी म्हणाले, म्हातारा झालाय, डोकं फिरलंय.

आणि ताट. आई रोज लेकच्या गादीपाशी ताट ठेवायची. चिकट भात, आंबवलेल्या माशाचं कालवण, हिरव्या पपईची कोशिंबीर, सगळं त्याच्या आवडीचं. तासाभरानं उचलायची. एरवी ठेवलेल्या ताटाला मुंग्या लागतात, भात सुकतो, काहीतरी होतं. या ताटाला काही म्हणजे काही होईना. आठव्या दिवशी घरात चिकट तांदूळ संपला होता म्हणून आईनं शेजारून आणून मोकळा भात शिजवला आणि तोच ठेवला. तासाभरानं पाहिलं तर भाताच्या मधोमध बोटांनी उकरल्यासारखा खळगा होता, आणि वरचा भात कोरडा, चव गेलेला.

"लाम्दुआन," आई म्हणाली, "हा मोकळा भात खातो."

लाम्दुआन ताटाशी वाकली.

"आणि स्वप्नात बोलतो माझ्याशी. पाठ करून बसतो आणि बोलतो. मला कळत नाही त्याचं. तरुणपणी ऊसतोडीला सुरीनच्या बायका असायच्या ना माझ्याबरोबर, त्यांची बोली वाटते. त्याही मोकळाच भात खायच्या." आईनं तिच्याकडं रोखून पाहिलं. "तू कुणाला आणलंयस, बाई?"

लाम्दुआननं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून दाखला काढला. थानाकोन. लिहायचं धनकर, वाचायचं थानाकोन. केवढंसं नाव. मग तिनं वीराला फोन लावला आणि विचारलं, त्या चार लेकांत सुरीनचा कुणी होता का? होता की, वीरा म्हणाला. दोन पावसाळ्यांमागं गेला. हसरा माणूस, समोरचा दात सोन्याचा. त्याचं कुणीच आलं नाही न्यायला, धर्मादायवाल्यांनी तिथंच उरकलं. का हो ताई?

तिनं फोन ठेवला आणि आईपुढं बसली. काही लपवायचं उरलंच नव्हतं.

"आई, मला त्याचं नाव आठवलं नाही. तिथं उभी होते, उदबत्ती जळत होती, आणि माझ्या भावाचं नाव मला येईना. मी नुसतं लेक म्हटलं. तो ऐकत असेल ना गं? मी हाक मारली आणि दुसराच पुढं झाला, आणि तो नेहमीसारखा मागं राहिला असेल."

ती ओक्साबोक्शी रडली. आईनं तिला रडू दिलं. मग म्हणाली की नाव बदललं तेव्हा त्यानं तिलाही सांगितलं होतं. ती म्हणाली होती, मला नाही वळायचं जिभेला, मला आपला लेकच बरा.

शंभरीला तीन दिवस राहिले होते. चान आजोबा आले, सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. आधी हा परका परत पाठवा म्हणाले. दोरा तोडा, सदरा फाट्यावर नेऊन ठेवा. एका घरात दोन जीव नांदत नाहीत.

"दोन पावसाळे कुणी आलं नाही त्याच्यासाठी," आई म्हणाली. "मी नाही हाकलणार. त्याचीही आई मोकळा भात रांधून बसली असेल कुठंतरी."

आजोबांनी पुष्कळ समजावलं. आई ढिम्म हलली नाही. तेव्हा लाम्दुआननं वहीचं दुसरं पान फाडलं. या खेपेला आई येणार होती, हट्टच धरला तिनं. जाताना दोन, येताना तीन. उद्या पहाटे निघालं तर नव्व्याण्णवाव्या दिवशी परत. एवढी तिकिटं काढायला हातात काही उरलं नव्हतं, शेगडी विकावी लागणार होती. विकू, ती म्हणाली. तीन जागा लागून मिळायला हव्यात. नाही मिळाल्या तर एकाला उभं राहावं लागेल, आणि लेक तर लगेच उठून...

पेन्सिल थांबली.

तो दुसरा काका का बसत नाही? पण त्याच्या पायात काहीच नाही.

"आई," ती म्हणाली. "तो मागं नाही राहिला. तो माझ्याबरोबर निघाला होता. मी एकच जागा घेतली होती, ती त्यानं त्याला दिली. दहा तास उभा राहून आला तो, बूट हातात धरून."

"मग आहे कुठं?"

लाम्दुआन उठून उभी राहिली. आठ दिवस मोम वळणावर बसला होता. चिंचेखाली, जिथं ती उतरली, तिथंच. उतरताना तिनं आलं हो आपलं गाव म्हटलं होतं. पण घरी नेलं ते सदऱ्याला. दोरा बांधला एकाला. आत या म्हटलं एकाला. तो भिडस्त, आपल्याच गावच्या वेशीवर उभा राहिला असेल, कुणी म्हणेल या आशेनं. आठ दिवस ती त्याच वळणावरून गोळे विकायला गेली होती आणि आली होती. रोज. एकदाही थांबली नव्हती.

आई केव्हाच जिना उतरायला लागली होती.

सूर्य भातखाचरांच्या टोकाला टेकला होता. मोम चिंचेखाली बसला होता आणि त्याचं शेपूट धुळीत हळूहळू हलत होतं. त्याच्यासमोर कुणी नव्हतं. चान आजोबांनी उदबत्ती लावली. लाम्दुआननं दाखला दोन्ही हातांत धरला आणि मोठ्यानं वाचलं, थानाकोन. थानाकोन, घरी चल. थानाकोन, ताईचं चुकलं, चल.

तिनं तांदूळ उचलले. जोड्या जुळल्या. मोम उठला, अंग झाडलं, आणि कुणाच्या तरी पायाला अंग घाशीत, मान वर करून, घराकडं निघाला.

आई त्याच्यामागं चालत होती, एक हात किंचित पुढं धरून. ती आता हसतही होती आणि रडतही होती. नवं नाव तिच्या जिभेवर दोन पावलं टिकलं, मग घसरलं. लेक, खड्डा आहे हं, जपून. लेक, पाटावरची फळी आली, घाबरू नको. लेक, हे बघ, विहारामागचं वळण, चल. चान आजोबांच्या लक्षात आलं. त्यांनी लाम्दुआनकडं पाहिलं. तिच्याही लक्षात आलं होतं. तिनंही दर पुलाला हेच म्हटलं होतं ना, कुठल्याही लेकनं ओ द्यावी असं, बँकॉकपासून इथपर्यंत, दर पुलाला. तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि तसाच खाली घेतला. मागं वळून बघायचं नसतं, म्हणून तिनं बघितलं नाही. उदबत्तीचा वास मात्र घरापर्यंत मागं मागं येत राहिला.

जिन्याशी दोघी आधी वर चढल्या आणि वळून थांबल्या. मोम खालून वर आला. त्याच्या पुढं कुणीतरी चढलं. पहिली पायरी, दुसरी. तिसरी वाजली नाही. चौथीवर फळी दबली.

आईनं तोंडावर हात धरला. आला, ती म्हणाली. माझा आला गं. लाम्दुआननं खांबाला टेकून डोळे मिटले. तीन महिन्यांचं ओझं खाली ठेवल्यासारखं तिचं अंग हलकं झालं. आतून, लेकच्या गादीच्या बाजूनं, कुणीतरी सरकून जागा केल्यासारखी चटई सरसरली.

मोम मात्र आत गेला नाही. जिन्याच्या वरच्या टोकाशी बसून खाली बघत राहिला.

तिसरी पायरी कुरकुरली.

थोडा वेळ गेला. ती पुन्हा कुरकुरली.

खाली चान आजोबा दोन पावलं मागं सरकले होते, जिन्याकडं जाणाऱ्या कुणाला तरी वाट दिल्यासारखे. चार वर्षांत चार लेक, वीरा म्हणाला होता. लाम्दुआननं आईकडं पाहिलं. आईनं ऐकलं होतं, मोजलंही होतं. तिनं डोळे पुसले, दारातून बाजूला झाली आणि आत चुलीकडं वळली.

"चिकट थोडा, मोकळा जास्त," ती म्हणाली. "तांदूळ वाढव, बाई. लेकच आहेत सगळे."